आंबलं म्हणजे जिवंत असतंच असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, दूध-दही सोडलेल्यांनी प्रोबायोटिक्स, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणू, कुठून मिळवावीत यावर लेख आला होता. इडली, डोसा, ढोकळा, लोणचं हे सगळं आंबवलेलंच, तेव्हा ते खात राहिलं की वीगन माणसाच्या पोटाची सोय झाली, असा त्याचा सूर होता. त्यावर एका वाचकांचं पत्र आलं, की दही सोडणं म्हणजे आतड्यांशी वैर धरणं, बाकी सगळी फॅडं. दोन्ही वाचून हात शिवशिवले. पत्र लांबणार आहे. कापायचंच झालं तर माझी ओळख कापा, मिठाचं प्रमाण कापू नका.

माझी सगळी नोकरी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली. टँकर आला की मिथिलीन ब्लूची चाचणी लावायची, दह्याची आम्लता काढायची, विरजणाची कल्चर्स मरू द्यायची नाहीत, पेट्री डिशवरच्या वसाहती मोजायच्या. मी दह्याच्या बाजूनं भांडेन असं कुणालाही वाटेल. दही मी रोज खाते आणि पुढेही खाणार. पण पुण्यात राहणाऱ्या माझ्या लेकीनं आणि जावयांनी दूध, दही, तूप, पनीर सगळं बंद केलं आहे. म्हशीला रेडा झाला तर त्याचं पुढे काय होतं, हे लेकीनं शाळेत असताना माझ्याच ऑफिसात बसून ऐकलं होतं, त्यामुळे त्या विषयावर मला तिच्याशी वाद घालायला तोंड नाही. पोटाचा प्रश्न मात्र तिनं माझ्यावर सोपवला. “तू एवढे जिवाणू सांभाळलेस, आता माझ्यासाठी बिनदुधाचे शोध,” म्हणाली. म्हणून हे सगळं तपासून बघावं लागलं.

आधी इडलीचं बघू. तांदूळ-उडीद वाटून ठेवले की रात्रभरात पीठ फुगतं, ते मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाच्या जिवाणूमुळे. तो आम्लही करतो आणि वायूही सोडतो. सकाळी त्या पिठाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरलात तर नुसती झुंबड दिसेल. मग आपण काय करतो, तर ते साच्यात घालून दहा-बारा मिनिटं कडक वाफ देतो. दूध पाश्चराइझ करायला ७२ अंशांवर १५ सेकंद पुरतात. जिथे हे रोज चालायचं तिथे आयुष्य काढलेल्या बाईला, शंभर अंशांच्या वाफेतून उतरलेल्या इडलीत काय उरतं हे वेगळं सांगायला नको. लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंपैकी कुणीच उरत नाही. डोशाचं, आंबोळीचं, ढोकळ्याचं तेच. दुकानातला पिवळा खमण तर बहुतेक ठिकाणी फ्रूट सॉल्टनं फुगवलेला असतो, त्यात आंबणं औषधालाही नसतं. कुरडयांसाठी आपण गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, घरभर आंबूस वास सुटतो. पण पातेल्यात चीक रटरटला की तोही कारभार संपला.

इडली म्हणून कुचकामी ठरत नाही. आंबल्यामुळे धान्य-डाळीतलं फायटेट, म्हणजे लोह-जस्त अडवून धरणारा घटक, कमी होतं, लोह आणि जस्त अंगी लागायला मदत होते, पदार्थ पचायला हलका होतो. वीगन माणसाला लोह सगळं झाडपाल्यातूनच मिळवायचं असतं, त्यामुळे त्याला तर ही गोष्ट मोलाची, आणि हा फायदा शिजवल्यावरही टिकतो. फक्त इडलीतून जिवंत जिवाणू मिळतात असं छापू नका.

लोणच्याची गोष्ट वेगळी. आपल्या कैरीच्या लोणच्यात मीठ इतकं असतं, शिवाय वर तेल, वर कडकडीत फोडणी, की बरणीला दादरा बांधून ठेवली तर वर्षभर काही होत नाही. होत नाही, कारण तिथे कुणाला वाढताच येत नाही. वाईट जिवाणूंना नाही, तसंच चांगल्यांनाही नाही. लिंबाच्या लोणच्याचा आंबटपणा लिंबाचा स्वतःचा. विकतच्या व्हिनेगरच्या लोणच्यात तो बाहेरून ओतलेला असतो. कोकणात मिठात खारवलेल्या कैऱ्या आणि फणसाचे गरे असतात, तेही टिकवण्यासाठी. त्यांचं मीठ जिभेवर ठेवलं तर डोळ्यांत पाणी येतं. चवीला मला ते फार आवडतात, पण या हिशेबात ते धरता येत नाहीत.

आता दह्याचे कैवारी. २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या ठरवली: जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात घेतले तर घेणाऱ्याला आरोग्याचा फायदा देणारे. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. जिवंत पाहिजेत, पुरेसे पाहिजेत आणि फायदा सिद्ध झालेला पाहिजे. आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार प्रोबायोटिक म्हणून विकायच्या पदार्थाच्या रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जीव लागतात, आणि ते कोणत्या जातीचे, कोणत्या वाणाचे हे वेष्टनावर सांगावं लागतं. माझ्या किंवा तुमच्या घरच्या दह्यात एका वाटीत याहून कितीतरी जास्त जिवाणू निघतील, पण कोणते, हे कुणालाच सांगता येणार नाही. शेजारणीकडून विरजण आणलं की त्यांची गर्दी बदलते, उन्हाळ्यात पुन्हा बदलते. घरचं दही उत्तम अन्न आहे, पण काटेकोर अर्थानं तेही प्रोबायोटिक नाही.

आणखी एक गंमत सांगते. योगर्टच्या जिवंत कल्चरबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये आरोग्याचा एक दावा मान्य केला. दर ग्रॅममागे १० कोटी जिवाणू असतील तर ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांना ती पचायला मदत होते, हा तो दावा. म्हणजे दह्याचा सगळ्यात पक्का सिद्ध झालेला गुण कुठला, तर दुधाचाच त्रास कमी करण्याचा. जी बाई दूध पितच नाही तिला त्याचं काय करायचं? मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाचं नाव घेऊन दह्यानं आयुष्य वाढतं असं सांगणारेही भेटतात. त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं हे खरं, पण ते पांढऱ्या पेशी जंतूंना कसं गिळतात या संशोधनासाठी. दही आणि दीर्घायुष्य हा त्यांचा नंतरचा ध्यास होता.

दूध हे जिवाणूंचं एक घर आहे, एकमेव नाही. लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटेरम हा कोबीच्या पानावर, गाजराच्या सालीवर, मुरलेल्या भाजीत राहणारा जीव. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये ओडिशाच्या खेड्यांतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांमध्ये तो केला. निम्म्यांना याच जातीचा एक ठरावीक वाण आणि त्याचं खाद्य असं आठवडाभर दिलं. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४० टक्क्यांनी घटलं. याचा अर्थ गाजराचं आंबवलेलं पाणी बाळाला पाजावं असा नाही, चुकूनही पाजू नका. तो निवडलेला, मोजलेला, शुद्ध वाण होता. मला दाखवायचं आहे ते इतकंच, की मोठं काम करून दाखवणारा हा जीव दुधावर अवलंबून नव्हता.

मोठ्या माणसांवरचाही एक अभ्यास आहे. स्टॅनफर्डच्या सोनेनबर्ग आणि गार्डनर यांच्या गटांनी २०२१ मध्ये तो छापला. ३६ निरोगी माणसं, दहा आठवडे. एका गटानं तंतुमय पदार्थ वाढवले, दुसऱ्यानं आंबवलेले. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. त्यांच्या यादीत योगर्ट आणि केफिर हे आंबवलेलं दूध होतं, तसं आंबवलेल्या भाज्यांचं खारं पाणी आणि कोंबुचा हा आंबवलेला चहाही होता. ३६ ही संख्या लहान आहे, आणि त्यातलं श्रेय नेमकं कोणत्या पदार्थाचं, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

आता बाटलीकडे येते. लेकीच्या फ्रीजच्या दारात प्रोबायोटिक कॅप्सूलची बाटली दिसली.

“डॉक्टरांनी दिलीय का गं?”

“नाही गं आई, मीच मागवली. वीगन लोकांना लागतात म्हणे.”

“चष्मा दे माझा.”

बाटली खिडकीशी नेऊन मागचं बारीक वाचलं. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं. जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून निघतं. त्याखाली आणखी बारीक अक्षरांत, दुधाचे अंश असू शकतात. हे जिवाणू वाढवताना त्यांना पुष्कळदा दुधातलेच घटक खायला घालतात, त्यामुळे यात नवल नव्हतं. घरातला चहासुद्धा सोयादुधाचा, आणि रोज सकाळी पोटात हे. जावई हसले, लेक नाही हसली.

तेव्हा घ्यायचीच असेल तर कवच एचपीएमसीचं आहे का बघा. ते वनस्पतीच्या सेल्युलोजपासून करतात. २०२२ च्या वीगन खाद्यपदार्थांच्या नियमानंतर हिरव्या चौकटीत ‘व्ही’ आणि वर इवलंसं पान असं चिन्ह आलं आहे, ते शोधा. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर असं काही असेलच याचा भरवसा नाही. जिवाणूंचं नाव वाणाच्या आकड्या-अक्षरांसकट दिलेलं असावं. जिवंत संख्या मुदत संपेपर्यंतची दिली आहे की बनवली त्या दिवशीची, हेही बघा. यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. थंड ठेवा असं लिहिलेली बाटली मे महिन्यात कुरियरवाल्याच्या डिकीत दिवसभर शिजून आली असेल तर आत स्मशान समजा. बॅसिलस जातीचे जिवाणू कवच धरून बीजाणू होतात, ते उष्णतेला दाद देत नाहीत. सॅकरोमायसिस बुलार्डी हे तर यीस्टच. आँरी बुलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवर सापडलं. मुळापासून बिनदुधाचं, आणि यीस्ट असल्यानं अँटिबायोटिकनं मरत नाही, म्हणून डॉक्टर त्या औषधांबरोबर ते देतात.

पण धडधाकट माणसाला रोज कॅप्सूल लागते का? अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये सगळे पुरावे चाळून सांगितलं, की पोटाच्या बहुतेक तक्रारींत प्रोबायोटिकची शिफारस करण्याइतका आधार नाही. मोजक्या प्रसंगी आहे, आणि तिथेही ठरावीक वाणांचा. लेकीला मी सांगितलं, बाटली संपव किंवा टाकून दे, दुसरी मागवू नको.

तिला दिलं ते गाजर. थंडीत मिरजेच्या मंडईत लाल गाजरं ढिगानं येतात. पंजाब-उत्तर प्रदेशात होळीच्या सुमारास काळ्या गाजरांची कांजी करतात, मोहरी घालून. आपल्याकडे काळी मिळत नाहीत, लालमध्ये बिटाची एक फोड टाकली की रंग येतो. गाजरं धुवा, पण साल खरवडून काढू नका, कारण आपले कामकरी तिथेच बसलेले असतात. बोटाएवढे तुकडे करा. काचेच्या स्वच्छ बरणीत गाजर आणि उकळून गार केलेलं पाणी मिळून एक किलो भरलं तर मीठ २५ ग्रॅम, म्हणजे अडीच टक्के. अंदाजानं नको, काट्यावर तोला. मिठाचं काम चवीपुरतं नाही. कुजवणाऱ्यांना अडवायचं आणि लॅक्टिक आम्लवाल्यांना पुढे जाऊ द्यायचं, हे काम ते करतं. फार कमी घातलं तर भाजी बुळबुळीत होऊन सडते, फार घातलं की वर सांगितलेलं लोणचं होतं. चमचा-दोन चमचे मोहरीची भरड टाका. तुकडे पाण्याखालीच राहिले पाहिजेत, म्हणून वर छोटी वाटी दाबून बसवा. झाकण सैल ठेवा, नाहीतर वायूनं बरणी उडेल.

आमच्याकडच्या हवेत दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू होतात. आधी ल्युकोनोस्टॉक कामाला लागतो, आंबटपणा वाढला की तो मागे सरतो आणि प्लँटेरमची मंडळी ताबा घेतात. पाणी गढूळ होतं, ते चांगलं लक्षण. लोक घाबरून नेमकं तेव्हाच ओतून देतात. वर पांढरी सपाट साय धरली तर ती यीस्टची असते, चमच्यानं काढून टाका. केसाळ, हिरवी-काळी बुरशी आली तर मात्र जीव अडकवू नका, सगळं फेकून द्या. मी पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजणाऱ्या, पट्ट्या वापरते; आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आंबट. त्या शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. ४.६ च्या खाली उतरलं की बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जिवाणू वाढू शकत नाही. मी ४ च्या खाली गेल्याशिवाय बरणी फ्रीजमध्ये हलवत नाही. थंडीत चार-पाच दिवस, उन्हाळ्यात त्याहून कमी.

खायचं कसं, हे मिठाइतकंच महत्त्वाचं. लेकीनं पहिली बरणी झाल्यावर फोटो पाठवला: कोशिंबिरीत ते तुकडे आणि वर चुरचुरीत हिंग-मोहरीची फोडणी. तेल तापलेलं असतं पावणेदोनशे-दोनशे अंश. ताबडतोब फोन केला. फोडणी कढल्यातच गार होऊ दे, मग घाल, किंवा फोडणी दिल्यावर शेवटी बरणीतला चमचा वरून सोड. भाजीत, आमटीत शिजवू नको. कांजीचं पाणी पोह्यांवर लिंबाऐवजी घेतलं तरी चालतं, पण पोहे ताटलीत निवल्यावर.

मिठाचा हिशेबही तिला करून दाखवला. शंभर ग्रॅम फोडी खाल्ल्या तर अडीच ग्रॅम मीठ गेलं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे निम्मं तिथेच संपलं. तेव्हा वाटीभर नको, जेवणात चार-पाच फोडी आणि दोन-तीन चमचे पाणी पुष्कळ. रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा अवयव बदलल्यावरची औषधं घेणाऱ्यांनी कच्चं आंबवलेलं काही घरी करून खाऊ नये. त्यांना जिवंत जिवाणू, चांगले म्हणवणारेसुद्धा, महागात पडू शकतात.

आंबील आपली, आणि तिचं नाव त्या लेखात नव्हतं याचं मला वाईट वाटलं. आमच्या भागात रेणुकेला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असतो. पण तीही नीट तपासली पाहिजे. जोंधळ्याचं किंवा नाचणीचं पीठ रात्री भिजवून आंबवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, गार झालं की ताक घालायचं, ही नेहमीची रीत. रात्री वाढलेले सगळे जिवाणू सकाळी चुलीवर मेले. आंबिलीत जे जिवंत असतं ते ताकातून आलेलं. ताक काढून टाकलं की वीगन माणसाच्या हाती चविष्ट, पौष्टिक, पण निर्जीव पेज राहते. तमिळनाडूत आडी महिन्यात मारिअम्मनच्या देवळांत कूळ नावाची आंबील वाटतात, त्यांची रीत इथे उपयोगी पडते: पीठ आंबवून शिजवायचं आणि शिजवल्यावर पुन्हा एक रात्र आंबू द्यायचं. मी तेच केलं, फक्त दुसऱ्या रात्रीचं काम नशिबावर सोडलं नाही. शिजलेली नाचणीची आंबील हाताला कोमट लागेपर्यंत निवू दिली, त्यात गुळाचा खडा आणि विरजण म्हणून गाजराच्या कांजीचं पाणी घातलं. सकाळी पट्टीचा रंग बदललेला, चव ताकाच्या जवळ जाणारी. त्यात ठेचलेला लसूण, जिरेपूड आणि कोथिंबीर घालून ती मी जावयांना न सांगता दिली. त्यांनी दुसरा पेला मागितला आणि यात ताक तर नाही ना, असं विचारलं.

ओडिशातला पखाळही याच वाटेचा: शिजवलेला भात पाण्यात घालून रात्रभर आंबवतात आणि पुन्हा न तापवता खातात. आपल्याकडे शिळा भात पाण्यात घालून कांद्याबरोबर खाणारी पिढी अजून हयात आहे. एकच सांगते, भात शिजवल्यावर पातेल्यात तासन् तास गरम राहू देऊ नका. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि कोमट भातात झपाट्यानं वाढतात. त्यांचं विष पुन्हा तापवूनही जात नाही. भात पसरून लवकर निववा, मग पाणी घाला.

शेंगदाण्याच्या दह्याबद्दल मी जरा सावध आहे. हिरव्या मिरचीची देठं टाकून ते लावायची कृती हल्ली सगळीकडे फिरते. देठांवर लॅक्टिक जिवाणू असतात हे खरं, पण त्यांच्यासोबत आणखी कोण असेल ते देठच जाणे, आणि शेंगदाण्याच्या दुधाला सुरुवातीला स्वतःचा आंबटपणा नाही, मीठही नाही. गाजराच्या बरणीत मीठ पहिल्या दिवसापासून राखण करतं, इथे कुणीच नाही. त्यात दुधातली साखरही नसते, त्यामुळे कल्चरमधल्या काही जिवाणूंचं तिथे पोटच भरत नाही. चमचाभर साखर घातली तर दही नीट विरजतं. हौस असेल तर शेंगदाण्याचं दूध उकळून, कोमट करून, देठांऐवजी माहीत असलेलं बिनदुधाचं कल्चर किंवा वीगन कॅप्सूल फोडून विरजा आणि आंबट झाल्याची खात्री पट्टीनं करा. देठांचं पहिलं दही मी तरी खाणार नाही. लेक खाते, आणि आमचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही.

बाहेरची नावं लेखात बरीच होती. किमचीत, म्हणजे कोरियाच्या आंबवलेल्या कोबीत, पुष्कळदा मासळीचा सॉस किंवा सुकी कोळंबी असते, वीगनांनी वाचून घ्यावी. मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी वाटणाचं सूप उकळलं की इडलीचीच गोष्ट. टेंपे म्हणजे बुरशीनं बांधलेलं सोयाबीन, आणि तेही शिजवूनच खातात. आपल्याच देशात सिक्कीमचं किनेमा, नागालँडचं अखुनी, मणिपूरचं हवाइजार हे आंबवलेल्या सोयाबीनचे पदार्थ आहेत, त्यांना एक ओळसुद्धा मिळाली नाही.

लेखातलं एक वाक्य मात्र धोकादायक होतं: आंबवलेल्या पदार्थांतून बी-१२ मिळतं. हे जीवनसत्त्व जिवाणूच बनवतात, हे बरोबर. पण आपल्या इडलीतले, कांजीतले, आंबिलीतले लॅक्टिक जिवाणू ते माणसाला पुरेल इतकं आणि भरवशानं बनवत नाहीत. दूधदुभतं खाणाऱ्या शाकाहारी लोकांतसुद्धा आपल्याकडे याची कमतरता सर्रास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. दूधही सोडलं म्हणजे उरलेला आधारही गेला. वीगन माणसानं बी-१२ ची गोळी किंवा ते घातलेला पदार्थ घ्यायलाच हवा, रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबायचं नसतं, कारण नसांचं नुकसान दर वेळी भरून येत नाही. बिनदुधाचं दही खाऊन कुणी ही गोळी बंद केली, तर त्या वाक्यानं केलेलं नुकसान माझ्या शंभर बरण्यांनी भरून यायचं नाही.

तेव्हा दोन विनंत्या. बी-१२ च्या वाक्याची दुरुस्ती पुढच्याच रविवारी, लेख होता त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. आतल्या कोपऱ्यात नको. आणि यापुढे आंबवलेल्या पदार्थाची कृती देताना मिठाचं प्रमाण ग्रॅममध्ये द्यावं, आंबल्यानंतर तो पदार्थ तापवायचा की नाही हे लिहावं आणि कुणी खाऊ नये तेही लिहावं. कृती तपासून द्यायला मी मोकळीच आहे. मानधन नको, पीएचच्या पट्ट्यांचे पैसे दिलेत तर चालेल.

कळावे,
आपली नम्र,
दूध संघाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली एक वाचक, मिरज
(नाव छापू नये, लेक रागावेल.)